लॅब्रॅडॉरचे दोन वेळचे फिरणे आणि तरीही वाढते वजन : आहाराचे माप व्यायामाशी कसे जुळवावे?

पावसाळी_सकाळ (ठाणे), ३ जुलै

आमच्याकडे सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, नाव बंडू. तीन वर्षांपूर्वी त्याची नसबंदी केली तेव्हा त्याचे वजन ३१ किलो होते. गेल्या आठवड्यात लसीसाठी नेला, तर काटा ३७.४ वर जाऊन थांबला. शरीरस्थितीला नऊपैकी गुण देण्याची जी पद्धत आहे, तीत डॉक्टरांनी त्याला सात गुण दिले (इथे गुण जास्त मिळणे वाईट, हे मला त्याच दिवशी कळले), आणि "खाणे कमी करा, फिरणे वाढवा" एवढे सांगून पुढच्या मांजरीला आत घेतले.

माझी अडचण अशी की, माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे खाणे जास्त नाही आणि फिरणे कमी नाही. सकाळी पाऊण तास आणि रात्री अर्धा तास, असे त्याचे दोन वेळचे फिरणे वर्षभर ठरलेले असते. रविवारी मुलगा त्याला मोकळ्या मैदानावर दोन तास चेंडू खेळायला नेतो. खायला सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी कोरडे डॉग फूड, तेही पाकिटावर ३० ते ३५ किलोच्या कुत्र्यासाठी जो तक्ता छापलेला असतो त्याप्रमाणे, आणि वर थोडेफार घरचे. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून मात्र सकाळचे फिरणे पंधरा मिनिटांवर आले आहे, कारण पायऱ्या उतरून गेटपर्यंत जाताच हा ओला होतो आणि लिफ्टमध्ये अंग झाडल्याबद्दल बोलणी मला खावी लागतात.

माझे दोन प्रश्न आहेत. पावसाळ्यात फिरणे कमी झाले की खाण्यातून नेमके किती वजा करायचे? आणि रविवारी भरपूर दमल्यावर त्याला नेहमीपेक्षा थोडे अधिक द्यावे की नाही?

तागडी (पुणे), ३ जुलै

ताई, तुमच्या प्रश्नातील "थोडेफार घरचे" हे दोन शब्द बाजूला काढून ठेवा, कारण बहुधा उत्तर तिथेच आहे. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि आमच्या घरच्या दोन कुत्र्यांच्या बाबतीत हाच घोळ मी स्वतः घातलेला असल्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही; पण हिशेब मांडून देऊ शकतो. त्यासाठी तीन दिवस पुढील नोंद ठेवा.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि वाटी विसरून जा. प्रत्येक वेळी ताटलीत पडणारे डॉग फूड ग्रॅममध्ये मोजा, आणि वाटी कोण भरते तेही लिहा. पोळी, भात, अंडे, बिस्किट, भाजी चिरताना खाली पडलेले पनीर, असे त्याच्या तोंडात जे जे जाईल ते कागदावर यायला हवे. घरातल्या सर्वांना, कामाला येणाऱ्या मावशींना आणि इमारतीच्या वॉचमन काकांनाही स्वतंत्रपणे विचारा. सर्वांना एकत्र बसवून विचारलेत तर कोणीही खरे सांगणार नाही. आणि फिरायला जाताना फोनमध्ये अंतर मोजा. किती मिनिटे फिरलात याचा उपयोग नाही, किती किलोमीटर झाले ते हवे आहे. पाकिटावर दर १०० ग्रॅममागे किंवा किलोमागे किती किलोकॅलरी, हा आकडा शोधून तोही कळवा.

पावसाळी_सकाळ (ठाणे), ७ जुलै

नोंद ठेवली. ठेवताना जरा शरम वाटली, हे आधीच मान्य करते.

मी भरलेली वाटी १५५ ते १६० ग्रॅमची निघाली. मुलगा शीग लावून भरतो, त्यामुळे त्याची वाटी एकदा १९० आणि एकदा १९५ ग्रॅम भरली. म्हणजे ३०० ग्रॅम समजून आम्ही दिवसाला सरासरी ३५० ग्रॅम घालत होतो. पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिले आहे.

घरचे खाणे पुढीलप्रमाणे : दोन पोळ्या (एक मी देते, दुसरी माझे यजमान देतात, हे मला माहीत नव्हते), एक उकडलेले अंडे, दुपारी आईंच्या ताटातला दहीभात, जो मोजला तेव्हा १५० ग्रॅम भात आणि त्यावर साधारण ५० ग्रॅम दही असा निघाला, आणि ग्लुकोजची सहा बिस्किटे, त्यांपैकी चार वॉचमन काकांकडची. आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की, आपण जेवत असताना दारातल्या मुक्या जिवाने नुसते बघत बसू नये. गुरुवारी दत्ताचा वार म्हणून एक पेढाही असतो. पण नोंदीच्या तीन दिवसांत गुरुवार नव्हता.

अंतराचे आकडे पाहून सर्वांत मोठा धक्का बसला. मंगळवारी पाऊस उघडला होता म्हणून पूर्ण पाऊण तास फिरवले, तर फोनने १.३ किलोमीटर दाखवले. प्रत्येक खांबाशी आणि प्रत्येक स्कूटरच्या चाकाशी थांबून वास घेणे हाच त्याचा मुख्य कार्यक्रम असतो. रात्रीच्या अर्ध्या तासाचे ०.९ झाले. पावसातली सकाळची फेरी जेमतेम ४०० मीटरची होते.

तागडी (पुणे), ७ जुलै

इतकी प्रामाणिक नोंद क्वचित पाहायला मिळते. आता हिशेब.

आधी खर्चाची बाजू. कुत्र्याला नुसते विश्रांतीत जगायला किती ऊर्जा लागते, याचे एक प्रचलित सूत्र आहे : किलोतील वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. साध्या कॅल्क्युलेटरवर हे करायचे असेल तर वजनाला वजनाने दोनदा गुणायचे, वर्गमुळाचे बटण दोनदा दाबायचे आणि जे येईल त्याला ७० ने गुणायचे. बंडूचे योग्य वजन ३१ किलो धरले तर ३१ गुणिले ३१ गुणिले ३१ म्हणजे २९,७९१. दोनदा वर्गमूळ काढल्यावर १३.१४, आणि ७० ने गुणल्यावर सुमारे ९२०. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणण्याचा प्रघात आहे. ते झाले सुमारे १,४७०. म्हणजे बंडू ३१ किलोवर स्थिर राहायचा असेल तर दिवसाला साधारण १,४७० कॅलरी. (पाकिटावर किलोकॅलरी लिहितात, बोलताना आपण कॅलरी म्हणतो, दोन्ही एकच.)

आता जमेची बाजू. ३५० ग्रॅम डॉग फूडच्या १,२६०. दोन पोळ्यांच्या तेलासकट २१० धरू. अंड्याच्या ७५. बिस्किटाच्या एकेक २० प्रमाणे १२०. दहीभाताच्या २२५. एकूण १,८९०. रोजचे चारशेवर जादा आणि ते किती दिवस, हे तुम्हालाच ठाऊक. पेढा मी सोडून दिला आहे. दत्तगुरूंच्या हिशेबात मी पडत नाही.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे फिरणे. सपाट रस्त्यावर चालताना कुत्र्याला वजनाच्या किलोमागे, दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. लहान कुत्र्याला थोडी अधिक, मोठ्याला थोडी कमी. बंडूचे दोन्ही वेळचे मिळून २.२ किलोमीटर होतात, म्हणजे सुमारे ८० कॅलरी. एका पोळीच्याही नाहीत. पावसाने त्यातले ९०० मीटर गेले, म्हणजे ३३ कॅलरी गेल्या. तुमच्या डॉग फूडमध्ये त्या नऊ ग्रॅम होतात. पावसाळ्यात किती वजा करायचे, या प्रश्नाचे अंकगणिती उत्तर हे इतके आहे, आणि ते ऐकून मीही माझ्या वेळी काही क्षण गप्प बसलो होतो.

रविवारचेही पाहू. दोन तासांत चेंडूमागे तो पाच किलोमीटर धावला असे धरले तर १८० कॅलरी. वळणे, थांबणे, उड्या यांचे थोडे वर घाला. आठवड्यात वाटल्या तर त्या दिवसाला २५ होतात. त्यासाठी रविवारी जास्तीचे ताट वाढण्याचे कारण दिसत नाही. आपण दमलो की भूक लागते, म्हणून त्यालाही लागली असेल असे आपल्याला वाटते. लॅब्रॅडॉरला मात्र न दमताही लागते.

पशुवैद्य_साताऱ्याहून, ८ जुलै

वरील हिशेब बरोबर आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना काही गोष्टी जोडणे आवश्यक वाटते. सतरा वर्षे लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करताना "खाणे कमी करा, फिरणे वाढवा" हे वाक्य मीही असंख्य वेळा म्हटले असेन, आणि आकडा न देता म्हटल्यामुळे ते बहुतेक वेळा वाया गेले असेल.

पहिली गोष्ट म्हणजे ते १.६. हा गुणक आरंभीचा अंदाज आहे, बंडूचा मोजलेला आकडा नाही. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर यामागे एक जनुकही आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, भूक भागल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतील 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा एक तुकडा जवळपास एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो. २०२४ मध्ये त्याच गटाने पुढचे काम प्रसिद्ध केले : असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये अधिक भुकेले राहतात, आणि विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. तेव्हा "हा सारखा मागतो" ही तक्रार खरी असते, लबाडी नव्हे; मात्र मागण्यावरून गरज ठरवता येत नाही. नसबंदीनंतरही गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते आणि भूक मात्र उतरत नाही. बंडूचे वजन नेमके तेव्हापासून वाढत गेले आहे, हे तुमच्या लिहिण्यातच आहे. शस्त्रक्रियेनंतर टाके काढायला येतात तेव्हाच ताटलीतले माप कमी करायला सांगायला हवे असते.

दुसरी गोष्ट, खाणे कमी करण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. मध्यम वयाच्या लॅब्रॅडॉरमध्ये ही ग्रंथी मंदावण्याचा आजार आढळतो. शेपटीवरचे केस विरळ होणे, सुस्ती, थंडी सहन न होणे ही त्याची लक्षणे. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी भूक भडकते. आणि तो खांबाखांबाशी थांबतो, ते केवळ वासासाठी की मागच्या पायांना विश्रांती म्हणून, हे पाहायला हवे. बसलेला कुत्रा उठताना पुढच्या पायांवर भार देऊन मागचे अंग ओढत असेल, तर कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढावा.

आता प्रत्यक्ष माप. वजन उतरवताना योग्य वजनाच्या, म्हणजे ३१ किलोच्या, विश्रांतीच्या गरजेइतके, सुमारे ९२०, हे ध्येय मानले जाते. पण आज १,८९० खाणाऱ्या कुत्र्याला उद्यापासून ९२० वर आणू नका. तो घर डोक्यावर घेईल आणि चौथ्या दिवशी तुम्हीच हार मानाल. पहिले दोन आठवडे १,२५० ठेवा : डॉग फूड ३२० ग्रॅम, आणि बाहेरचे सर्व मिळून १०० कॅलरी. त्या शंभरात अंडे बसते, किंवा पोळी बसते. दोन्ही बसत नाहीत. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन करा. आठवड्याला एक टक्का, म्हणजे बंडूसाठी सुमारे ३७० ग्रॅम, उतरत असेल तर तेच माप चालू द्या. दोन टक्क्यांहून वेगाने उतरत असेल तर थोडे वाढवा. काहीच हलत नसेल तर दहा टक्के कमी करा.

मात्र नेहमीचेच डॉग फूड फार कमी करत गेल्यास प्रथिने आणि खनिजेही त्याच प्रमाणात कमी पडतात. हजाराच्या खाली जावे लागले, तर वजन उतरवण्यासाठीचे, जास्त प्रथिनांचे आणि जास्त तंतूंचे खाद्य तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. ताटली भरलेली दिसावी म्हणून उकडलेला दुधी, फरसबी, गाजर किंवा काकडी घालायला हरकत नाही. कांदा, लसूण आणि बेदाणे कोणत्याही निमित्ताने नकोत. शिऱ्यातले चार बेदाणे वेचून काढण्यापेक्षा शिराच न देणे सोपे.

काटा नसेल त्या दिवशी हात वापरा. एका हाताची मूठ वळून दुसऱ्या हाताचे बोट मुठीच्या सांध्यांवरून फिरवा : बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकुळा. मूठ उघडून हात सरळ करा आणि त्याच हाताच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या मुळाशी, बोट फिरवा : बरगड्या अशा, चरबीच्या पातळ थराखाली स्पष्ट लागल्या तर योग्य. हात उलटा करून तळव्यावर बोटांच्या मुळाशी दाबून पाहा : बरगड्या अशा दाबूनच शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त. सात गुणांचा बंडू तळव्यासारखा लागेल. घरातल्या प्रत्येकाने एकदा हे करून पाहावे, सासूबाईंनीही.

कमी वजनाचा फायदा केवळ सांध्यांपुरता नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांच्या २४ जोड्या लावून एकाला जितके दिले त्यापेक्षा त्याच्या जोडीदाराला २५ टक्के कमी, असे आयुष्यभर खाऊ घालण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (ज्याच्या पुढे निम्मे कुत्रे जगले, ते वय) १३ वर्षे आणि इतरांचे ११.२ वर्षे निघाले. संधिवाताची औषधेही त्यांना उशिरा लागली. जास्त खाणारे कुत्रे काही डोंगराएवढे लठ्ठ नव्हते. आपल्याकडे ज्याला लोक "छान भरलेला" म्हणतात, तसे होते.

एवढे सांगितल्यावर व्यायामाकडे दुर्लक्ष करू नये, हेही सांगतो. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवण्याचे काम चालण्याने होते. फक्त सदतीस किलोच्या कुत्र्याला दमट हवेत धावायला लावू नका. आठवड्याला पाच मिनिटे याप्रमाणे वाढवा, आणि त्या मिनिटांत तो न थांबता चालेल असा एक टप्पा ठेवा. वास घेण्याचा टप्पा वेगळा. जेवण आणि धावपळ यांत तास-दोन तासांचे अंतर असावे.

माळरानी (लातूर), १० जुलै

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले वाचून उलट बाजूचा अनुभव मांडावासा वाटला. आमच्याकडे तीन पिढ्यांपासून कारवानी, म्हणजे सडपातळ, वेगाने धावणाऱ्या शिकारी जातीची, कुत्री आहेत. लग्नकार्याला शहरातून पाहुणे आले की त्यांच्या बरगड्या पाहून हळहळतात आणि पानातली पुरी टाकतात. या जातीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे आणि पोट कंबरेकडे वर ओढलेले असणे हेच तब्येतीचे लक्षण आहे, हे सांगून सांगून माझे वडील थकले.

शिकार कायद्याने कधीच बंद झाली; आता कुत्री शेत राखतात आणि मेंढरांमागे जातात. माझे निरीक्षण असे की, कारवानी जेव्हा ससाण्यासारखा सुटतो तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की आज याने केवढी ताकद खर्च केली. पण ती धाव एखाद्या मिनिटाची असते, आणि नंतर तो चार तास बाभळीखाली पडून राहतो. खरा खर्च होतो तो दिवसभर कळपाबरोबर संथपणे पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या कुत्र्याचा. धनगरांना हे नेमके ठाऊक असते. वाटेवर असताना कुत्र्याची भाकरी वाढते, मुक्कामाला बसले की कमी होते, आणि त्यासाठी कोणी काटा काढत नाही. आमच्या घरीही सुगीत रात्रभर राखणीला फिरणाऱ्या कुत्रीला अडीच ज्वारीच्या भाकरी ताकात कुस्करून आणि वर अंडे किंवा हाडांचा रस्सा असे असते; उन्हाळ्यात ती पडून असते तेव्हा दीड भाकरी. ती स्वतःही उन्हाळ्यात अर्धी सोडून देते. लॅब्रॅडॉर सोडत नाही, हा दोघांतला फरक असावा.

माझा धाकटा भाऊ तिचे एक पिल्लू पुण्याला फ्लॅटमध्ये घेऊन गेला आणि गावाकडच्या मापाने भाकरी देत राहिला. वर्षभरात त्या पिल्लाची कंबर नाहीशी झाली. कारवानी जातीत लठ्ठ कुत्रा मी तोवर पाहिला नव्हता.

पशुवैद्य_साताऱ्याहून, १० जुलै

माळरानी यांचे निरीक्षण शरीरशास्त्राला धरून आहे. खर्च वेगापेक्षा अंतरावर अधिक अवलंबून असतो. अलास्कातील लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्लेज ओढणारी कुत्री दिवसाला दहा हजार कॅलरींच्या पुढे खर्च करतात, आणि ती बहुधा पंचवीस किलोच्या आतली असतात. पण ती दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर, थंडीत आणि वजन ओढत धावतात. अशा कामाच्या कुत्र्यांना विश्रांतीच्या गरजेच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत किंवा अधिक लागू शकते. दिवसाला दोन किलोमीटर चालणाऱ्या कुत्र्याला त्या रांगेत बसवता येणार नाही, मग तो घरी आल्यावर कितीही धापा टाको.

भाकरी-ताकाबद्दल एक सूचना : त्यात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, आणि प्रथिनांचे प्रमाण प्रौढ कामाच्या कुत्र्यालाही अपुरे पडू शकते. सुगीच्या दिवसांत भाकरी वाढवण्याऐवजी अंडी किंवा मांस वाढवावे. आणि कारवानीची छाती खोल असते, त्यामुळे भरल्या पोटी धाव नकोच. अशा ठेवणीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका अधिक, आणि त्यात काही तासांत जीव जातो.

नवशिका_पालक (नाशिक), ११ जुलै

आमचे जर्मन शेफर्डचे पिल्लू पाच महिन्यांचे आहे. त्यालाही हेच सूत्र लावावे का? ते दिवसभर धावत असते.

पशुवैद्य_साताऱ्याहून, ११ जुलै

नाही. चार महिन्यांनंतरच्या पिल्लाला त्याच्या त्या दिवशीच्या वजनाच्या विश्रांतीच्या गरजेच्या साधारण दुप्पट लागते, आणि वजन दर आठवड्याला बदलत असल्याने मापही बदलावे लागते. मोठ्या जातीचे पिल्लू गुबगुबीत ठेवू नये. वेगाने वाढलेल्या वजनाचा भार कच्च्या सांध्यांवर येतो. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचेच खाद्य द्या, वरून कॅल्शियमचे टॉनिक घालू नका, आणि सायकलमागे पळवू नका. ते आपणहून धावते आणि आपणहून झोपते, तेवढे पुरे.

पावसाळी_सकाळ (ठाणे), २८ ऑक्टोबर

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला. थायरॉइडचा अहवाल ठीक आला. एक्स-रेमध्ये उजव्या कंबरेच्या सांध्यात सुरुवातीची झीज दिसली, त्यासाठी औषध सुरू आहे.

घरात सर्वांत अवघड होते ते आईंना समजावणे. "त्याला उपाशी मारता काय?" हा प्रश्न आठवडाभर रोज जेवणाच्या वेळी आला. शेवटी तोडगा असा निघाला की, सकाळी दिवसाचे ३२० ग्रॅम डॉग फूड एकदाच मोजायचे, त्यातले ४० ग्रॅम एका लहान स्टीलच्या डब्यात काढायचे आणि तो डबा आईंच्या हवाली करायचा. त्या जेवायला बसल्या की त्यातला एकेक दाणा त्याला देतात. त्याला दहीभात हवा होता की आईंच्या हातचे काहीही हवे होते, याचा उलगडा दुसऱ्याच दिवशी झाला. वॉचमन काकांकडेही तसाच डबा ठेवला आहे. गुरुवारचा पेढा आता वाटाण्याएवढा असतो. त्यावर तडजोड झाली नाही, आणि मीही फार ताणले नाही.

पावसात सकाळची फेरी लहानच राहिली. त्याऐवजी सकाळचे निम्मे खाणे जुन्या टॉवेलात गुंडाळून देऊ लागलो. नाकाने उलगडत, एकेक दाणा शोधत ते संपवायला त्याला वीस मिनिटे लागतात. पूर्वी ताटली दीड मिनिटात चाटून पुसून होत असे.

वजन ऑगस्टअखेर ३५.६ झाले. गणपतीत पाहुणे, उकडीचे मोदक आणि प्रत्येकाचा "एकच घास" यांमुळे ते ३५.८ वर गेले, म्हणजे महिना फुकट गेला. त्यानंतर माप २९० ग्रॅमवर आणले. आज ३४.३ आहे.

आणि एक गोष्ट अशी झाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. सकाळचे फिरणे आजही पाऊणच तास आहे, पण काल फोनने २.१ किलोमीटर दाखवले. खांबांशी तो अजूनही थांबतो. मात्र पूर्वी मध्येच बसकण मारायचा ती मारत नाही, आणि परतीच्या वाटेवर आता पट्टा तो ओढतो. फिरणे वाढवून वजन उतरेल असे मी समजत होते; इथे वजन उतरले आणि मग फिरणे वाढले. आता तो रोज ८०० मीटर जास्त चालतो आहे, तर त्या हिशेबाने त्याचे खाणे थोडे वाढवावे का?

तागडी (पुणे), २८ ऑक्टोबर

०.८ किलोमीटर गुणिले ३४ किलो, म्हणजे २७ कॅलरी. एक बिस्किट आणि वर पाव-अर्धे. वॉचमन काकांना कळू देऊ नका.